पाच थरांचं ताट

"त्यात हाडं तं नाई ना टाकली वं?" गोजरबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून सुनेला विचारलं. सकाळपासूनची ही चौथी वेळ.

"नाई, आत्याबाई. सायबाच्या घरी हाडाचा सरस घालतात. मी चायना ग्रास घातलं. समुद्रातलं शेवाळ असते ते."

"मडमिनीनं शिकवलं असंल."

बुलढाण्याच्या मिशन शाळेतली शालूबाईची चार वर्षं सासूने तिला कधी माफ केली नव्हती.

पितळी ताट परातीतल्या गार पाण्यात ठेवलं होतं. तळाला तुपात दाबलेला दाण्याचा कूट, त्यावर डाळिंबाचा लाल थर, मग दुधाचा पांढरा, मग केशराचा. शालूबाईने बोट लावून पाहिलं. खालचा थर घट्ट व्हायच्या आत वरचा ओतला, तर रंग फिसकटले असते. विड्याच्या पानांचा हिरवा आणि काळ्या मनुकांचा जांभळा अजून बाकी होता.

हा सगळा खटाटोप नवऱ्याच्या, उत्तमरावांच्या हुकमाने चालला होता. साखरखेर्ड्याचे हिंमतराव रंगपंचमीला मलकापुरात तिच्या लेकीला, तानूला, पाहायला येत होते. त्यांनी सायबाच्या बंगल्यावर असली मिठाई खाल्ली होती आणि ती त्यांना फार आवडली होती. तानू चौदाची होती. हिंमतराव बेचाळीसचे, दोन बायका वारलेले.

"तुमी तरी तुमच्या लेकाले सांगा," शालूबाई म्हणाली. "तुमची नात हाय ते."

"बाईनं मर्दाच्या शब्दात पडू नये. तू आपले थर लाव."

दुपारी हिंमतराव मोटारीतून उतरले. सोबत त्यांची मावशी रुक्मिणीबाई होती. उत्तमरावांनी स्वतःच्या हाताने पाचरंगी तुकडे वाढले. हिंमतरावांनी दुसरा मागून घेतला. मावशीनेही खाल्ला. तानू खाली मान घालून बसली होती.

"पोरगी पसंत हाय," हिंमतराव म्हणाले. "सुपारी आजच फोडून टाकू."

तेवढ्यात गोजरबाई माजघराच्या दारात आल्या. "खाऊन झालं असंल तं सांगते. त्यात गाईच्या हाडाचा सरस हाय. मी या डोयानं पाह्यला."

रुक्मिणीबाईच्या हातातला उरलेला तुकडा खाली पडला.

"खोटं हाय ते," शालूबाई म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

"मावशी, सायबाकडं तं सारेच खातात," हिंमतराव हळूच म्हणाले.

"म्हंजे तूबी खाते?"

मावशी उठली. "उत्तमराव, या घरचं पानीबी नको आमाले. ही सोयरीक झाली नाई समजा."

"उद्याच्या गाडीनं माहेरी चालती हो," उत्तमराव बायकोला म्हणाले आणि विनवण्या करत मोटारीमागे धावले.

सोळा वर्षांत शालूबाई सासूला उलटून एक शब्दही बोलली नव्हती. आज ती बोलणार होती. ती तरातरा माजघरात गेली.

गोजरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तानू त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत होती आणि उरलेलं ताट दोघींच्या पुढ्यात होतं. गोजरबाईंनी एक तुकडा नातीला भरवला, दुसरा स्वतःच्या तोंडात घातला आणि सुनेकडे न पाहता विचारलं, "गेले का वं ते नक्की?"