बारा सुया

आमच्या परमेश्वरचं कातडं लय नाजूक. कापूस वेचायला धाडलं, की "आई, बोंडं बोटात टोचायलीत" म्हणून तासाभरात घरी. मागं दोन एकर कापूस फुटून लोंबायलाय अन् वेचायला एकटी त्याची बायको, पंकजा. त्यात दोन दिवसांपासून आभाळ आलेलं.

दिवसभर मोबाईल घेऊन लोळल्यानं गड्याची कंबर धरली. ताडकळसच्या बाजारात कुणीतरी चिनी सुयांचा इलाज सांगितला, तसा हा परभणीला पळाला. दोन्ही हातांत बारा सुया टोचून घेतल्या आणि तसाच दुसऱ्याकडून फोटो काढून घेऊन मागनं घरच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी पंकजा चिरलेल्या बोटांना खोबरेल लावायली होती अन् हा तिला सांगायला लागला, "काईच दुखत न्हाई बग. फकस्त डॉक्टर 'उठ' म्हणंपर्यंत जागचं हलायचं न्हाई. आणखी दहा दिवस जायचंय."

मी आभाळाकडं बगितलं अन् म्हणलं,

 

"परमा, परभणीचा हेलपाटा कशाला? दहा दिवस वावरातच टोचून घे. तितं डॉक्टर पंकजा. ती 'उठ' म्हणंपर्यंत हलायचं न्हाई."