दोघांची पसंती

आबासाहेबांच्या परभणीतल्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात डिझाइन करणारी वैष्णवी आणि कोड लिहिणारा योगीराज यांनी दसऱ्यापासून अबोला धरला होता. तिनं बटन हिरवं काढावं, त्यानं ते निळं करून ठेवावं आणि दोघांनी वेगवेगळं येऊन आबासाहेबांपुढं गाऱ्हाणं मांडावं, हे रोजचंच झालं होतं.

"दोघांचं काम एकाच जागी दिसंल असं एखादं टूल घेऊ," शेवटी आबासाहेब म्हणाले. "पर निवडा दोघं मिळून. एकट्याची पसंती चालायची न्हाई."

झालं! आठ दिवस दोघं एकाच स्क्रीनसमोर. पाच टूलं चाळून झाली. कशात शेरा लिहिणं सोपं, कशात रंगाचा नंबर आपोआप कळतो, यावरून तावातावानं भांडून झालं. चौथ्या दिवशी योगीराजच्या डब्यातला ठेचा वैष्णवीच्या भाकरीवर आला. शनिवारी एकदाचं दोघांचं एकमत झालं आणि वैष्णवी हौसेनं ऑफिसच्या नावानं खातं उघडायला बसली. स्क्रीनवर उत्तर आलं : या ऑफिसचं खातं आधीच आहे, आबासाहेबांना विचारा.

"आबासाहेब, हे तर तुमी घेतलेलंच हाय! कधी?"

"दिवाळीतच."

"मग आमाला कशाला निवडायला लावलं?"

आबासाहेब गालात हसले. "आमी दोघं भाऊ रुसलो की बाप आमाला मिळून बैल पसंत करायला बाजारात धाडायचा. गोठ्यात शेळीलाबी जागा नसायची."