अधांतरी दाढ

खालच्या दातांची पट्टी पुन्हा त्याच जागी मोडली होती. उजवीकडे, जबड्यातल्या शेवटच्या स्क्रूच्या मागे. डॉ. ज्योत्स्नाने चिमट्याने फटीतून काहीतरी ओढून काढलं आणि दिव्याखाली धरलं. गव्हाची साल.

"काका, सच बोला. काय चावता?"

दिगंबर शेठ खुर्चीत आक्रसले. बुऱ्हाणपूरच्या मंडीत उभा जन्म धान्याची आडत केलेला माणूस, पण तोंड चोरी पकडल्यासारखं झालं.

"दाणा."

गहू वाळलाय की नाही, हे शेठ शेवटच्या दाढेत दाणा फोडून सांगायचे. खालचे दात गेले आणि माल घ्यायचं काम मुलाकडे, निलेशकडे गेलं. शेठ दुकानाच्या गादीवर नुसते बसून राहू लागले. ते बसणं त्यांना सोसवेना. ती दाढ परत मिळावी म्हणून तर त्यांनी जबड्यात स्क्रू बसवून घेतले होते.

ज्योत्स्नाने मोडलेली पट्टी त्यांच्यासमोर धरली. "शेवटच्या स्क्रूच्या मागे खालून काही आधार नाही. ही दाढ अधांतरी आहे आणि तुम्ही सगळा जोर तिच्यावरच देता. तुम्ही हट्ट केला आणि मी पट्टी इतकी मागे नेली, ती माझी चूक. आता आखूड करते. शेवटची दाढ नसेल."

"मग माझं काय काम उरलं, डॉक्टरबाई?"

ती नव्या पट्टीचं माप घेऊ लागली.

नवी पट्टी बसवली त्या दिवशी ज्योत्स्ना दवाखान्याच्या वर घरात गेली आणि वर्षभरासाठी भरलेल्या गव्हातून मूठभर घेऊन आली. "इथं फोडा, स्क्रूच्या बरोबर वर. हळू."

शेठनी दाणा फोडला. दुसरा फोडला. कपाळाला आठ्या पडल्या. ज्योत्स्ना पुढे वाकली.

"कळत नाही का, काका?"

"कळतं ना. थेट हाडातून कळतं. बोलू का नको, तेच बघतोय." ते खुर्चीतून उठले. "गहू ओला आहे. कुणीतरी तुमच्या गळ्यात मारलाय. कुठून घेतला?"

ज्योत्स्नाने हसू दाबलं. "तुमच्याच दुकानातून. निलेशने स्वतः घरी पोचवला."

शेठ नव्या दातांनी पहिल्यांदाच मोकळे हसले आणि टोपी डोक्यावर चढवली.

"पोती परत पाठवा. उद्या माल मी बघतो."