कोंडून ठेवण्याची शिक्षा

"राहत्या घरात शिरून चोरी केली तर?" पुस्तकावरून डोळे न काढता मावशींनी विचारलं.

"सात वर्षं." फौजदार जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होता.

"पाच," मावशी म्हणाल्या. "उद्या परीक्षा आणि अजून तुझं पाच-सातचं चाललंय!"

"पाच," तो निमूटपणे म्हणाला आणि दुसरा बूट हातात घेतला.

पुस्तकात सातच छापलं होतं.

फौजदार हे त्याचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. मावशींच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आला, त्या दिवशी "मला फौजदार व्हायचंय" म्हणाला, आणि मावशींनी त्याला तेच चिकटवून टाकलं. तो एका गोदामावर रखवालदार होता. पोलीस खात्याच्या परीक्षेला बसायचा आणि दाणकन आपटायचा. वाचलेलं त्याच्या डोक्यात टिकत नसे, ऐकलेलं टिके. म्हणून जेवणं झाली की मावशी त्याला गुन्हे, शिक्षा आणि पोलिसी कामाच्या रीती खणखणीत आवाजात वाचून दाखवत.

आवाज कमावलेला होता. उभी हयात त्यांनी बसस्थानकावर गाड्या पुकारल्या होत्या. लोक फलक वाचत बसत नसत. मावशींनी फलाट सांगितला की सामान उचलून चालू लागत. चुकीची गाडी त्यांनी जन्मात पुकारली नाही. मग यजमान गेले, नोकरी संपली, आणि त्या आवाजाला कान देणारं घरात कुणी उरलं नाही. एकटेपण इतकं खायला उठायचं, की रेडिओवरच्या बाईंनी "नमस्कार" म्हटलं तर मावशीही "नमस्कार" म्हणायच्या. तेवढ्यात हा आला.

पहिल्यांदा तो नापास झाला तेव्हा मावशींना मनापासून वाईट वाटलं. दुसऱ्या खेपेच्या आधी तो सहज बोलून गेला, "पास झालो की सरकारी घर मिळतं, मावशी. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे." त्याच संध्याकाळी मावशींच्या तोंडून दहाचे सात झाले. पुढे कैदेच्या जागी नुसता दंड आला. "पुन्हा आपटलो, मावशी," तो येऊन म्हणाला. मावशींनी त्याची समजूत घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन हुश्श केलं. स्वतःची लाज वाटली, पण त्या रात्री झोप छान लागली.

उद्या तिसरी खेप होती.

"अटक केल्यावर आधी काय करायचं?"

"कारण सांगायचं. मग त्याच्या घरच्यांना कळवायचं."

"आणि घरचं कुणी नसेल तर?" हा प्रश्न पुस्तकात नव्हता.

"तो सांगेल त्या माणसाला." फौजदार हसला. "मला धरलं तर तुम्हालाच कळवावं लागेल, मावशी. दुसरं कोण आहे?"

मावशींनी घाईघाईने पान उलटलं. त्याच्या कपाळावर टोपीचा आडवा वळ उठला होता. गोदामवाल्यांनी जरा मापाची टोपी दिली तर काय बिघडेल, असं त्यांना रोज वाटे.

"माणसाला कोंडून ठेवलं, जाऊ दिलं नाही तर?"

"तीन महिने," तो लगेच म्हणाला. शिकवलं होतं तस्संच.

मावशींनी आपला चष्मा पुसला, त्या घोटभर पाणी प्यायल्या.

"एक वर्ष," त्या म्हणाल्या.

ब्रश थांबला. "तुम्हीच तर तीन महिने..."

"चुकलं माझं. आणि घरातल्या चोरीला सात. तुझंच बरोबर होतं. थांब, सगळंच पहिल्यापासून वाचते."

"राहू द्या ना आता, मावशी."

"गप्प बस आणि ऐक!"

त्यांनी सगळं वाचलं. एकही गाडी चुकवली नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. बूट केव्हाच आरशासारखे झाले होते, तरी घासतच होता.

सकाळी तो निघाला. "पास होऊन ये," मावशी म्हणाल्या, आणि दार लावून बराच वेळ दाराशीच उभ्या राहिल्या.

वळल्या तेव्हा टेबलावर त्याचा चष्मा दिसला. मोडलेल्या काडीला त्यांनीच गुंडाळलेला निळा दोरा. चष्म्याशिवाय त्याला अक्षर लागत नसे.

मावशी खुर्चीत बसल्या. न मागता पदरात पडलेलं दान होतं. काही करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. दुपारी तो येईल, चहा मागेल, पुन्हा पुस्तक उघडेल. मागच्या खोलीत दोरीवर त्याचा टॉवेल वाळत होता. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, चपला घातल्या आणि मिळेल ती बस पकडली.

परीक्षा एका शाळेत होती. फाटकावरच्या हवालदाराने हात आडवा केला. "आजी, आत नाही जाता येणार. पेपर सुरू होतोय."

"अहो, एवढा चष्मा पोचवा हो! आमचं पोर आत परीक्षेला बसलंय. याच्यावाचून त्याला एक ओळ वाचता यायची नाही."

हवालदाराने चष्मा हातात घेतला, निळा दोरा पाहिला आणि एकदम अदबीने उभा राहिला.

"हा तर आमच्या साहेबांचा!"

"कोण साहेब?"

त्याने खिडकीकडे बोट केलं. आत बाकांच्या रांगांमधून फौजदार चालला होता. अंगावर कडक इस्त्रीची वर्दी, डोक्यावर घट्ट टोपी, पायात ते चकचकीत बूट. चष्मा नसल्यामुळे गठ्ठा डोळ्यांजवळ धरून तो मुलांना पेपर वाटत होता.

"मागल्या परीक्षेत पहिले आले होते," हवालदार कौतुकाने सांगू लागला. "वर्ष झालं, सरकारी घराची किल्ली चौकीत लटकतेय. राहायला का जात नाही विचारलं, की म्हणतात, अजून माझा अभ्यास व्हायचाय."