महापौरांना गाव बंद करायचं होतं

"मग टाकीची हायवेकडची बाजू तेवढी रंगवा," अर्व्ह ओल्सन म्हणाला. "गावाकडची बाजू बघायला येतंय कोण?"

सभेत हशा पिकला. महापौर व्हर्न टीडमन तेवढा हसला नाही. त्याच्यापुढे पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक होतं आणि अंथरूण इतकं तोकडं, की कसंही ओढलं तरी पाय उघडेच. पाण्याची टाकी रंगवावी, तर बर्फ काढायच्या गाडीला पैसे उरत नव्हते. गाडी दुरुस्त करावी, तर रस्त्यावरचे निम्मे दिवे विझवावे लागत होते. ऑर्बेकची शाळा गेली, बँक गेली, कॉफी प्यायचं झालं तरी आता शेजारच्या गावी जावं लागायचं. पण कागदोपत्री ऑर्बेक हे शहर होतं, आणि शहर म्हटलं की महापौर आलाच.

व्हर्न निवडणुकीला कधी उभाच राहिला नव्हता. कुणीच राहत नसे. मतपत्रिकेवर महापौरपदाखाली नुसती एक कोरी ओळ असायची आणि लोक तिथे मनाला येईल ते नाव लिहायचे. दर निवडणुकीला निम्मं गाव 'व्हर्न टीडमन' लिहून मोकळं व्हायचं. पहिल्यांदा त्याला ती थट्टा वाटली. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा त्याने पोस्टातल्या फळ्यावर 'कृपा करून माझं नाव लिहू नका' अशी चिठ्ठी लावली, तर मतं वाढली. राजीनामा देता आला असता. पण अंगावर पडलेलं काम टाकून जाणं टीडमनांच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं, आणि हे सगळं गाव जाणून होतं.

शेवटी त्याने स्वतःच वाट शोधली. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर एक प्रश्न छापायचा: ऑर्बेक हे शहर बरखास्त करून कारभार काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे, द्यावा का? हो किंवा नाही. शहरच नाही म्हटल्यावर महापौर कुठला? मग बायकोला, आर्लिसला घेऊन थेट ॲरिझोना गाठायचं. लेक तिथेच होती. थंडी पडली की आर्लिसचे गुडघे धरायचे. डॉक्टरही म्हणाला होता, उबेत राहा. व्हर्नने तिथलं घरसुद्धा बघून ठेवलं होतं.

प्रश्न छापायचा की नाही, यावर आज मत घ्यायचं होतं. नगर परिषदेच्या चार सदस्यांपैकी दोन इकडे, दोन तिकडे. म्हणजे व्हर्न म्हणेल तेच होणार. पण मतदानाआधी लोकांचं बोलणं ऐकायचा नियम होता. माईकपुढे येईल त्याला तीन मिनिटं. परिषदेने मध्ये बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. व्हर्नचा जीव मेटाकुटीला आला होता. मार्ज क्वामला काळजी होती, की चर्चपुढचा बर्फ वितळवायला मीठ कोण टाकणार. अर्व्ह पुन्हा उठून म्हणाला, "गाव काउंटीत गेलं, तर शेजाऱ्याचा कुत्रा रात्री भुंकतो म्हणून फोन कुणाला करायचा? व्हर्नला करण्यात मजा होती."

"आणखी कुणी?" लाकडी हातोडी उचलत व्हर्नने विचारलं.

मागच्या रांगेतून आर्लिस उठली. ती दर सभेला यायची, विणत बसायची, बोलायची मात्र कधीच नाही. खिडकी लावून घ्या म्हणायला उठली असेल, असं व्हर्नला वाटलं. ती माईकपुढे उभी राहिली.

"नाव आणि पत्ता?" चिटणीस डोनाने सवयीने विचारलं, आणि मग तीच ओशाळली.

"आर्लिस टीडमन. एल्म रस्ता, चर्चसमोरचं घर." तिने घसा साफ केला. "कोऱ्या ओळीवर व्हर्नचं नाव लिहा, असं दर निवडणुकीला घरोघर जाऊन मीच सांगत आले. बाकी कुणाला बोल लावू नका."

व्हर्नने सभेवर नजर फिरवली. जो तो आपापल्या बुटांकडे बघत होता. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं, एक त्याला सोडून! इतकी वर्षं गावावर काढलेला राग आता कुणावर काढायचा, हेच त्याला कळेना.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" तो ओरडला. "तुझ्या गुडघ्यांसाठीच तर मी एवढं..."

"महापौर, मध्ये बोलता येत नाही," डोना हळूच म्हणाली.

व्हर्न खुर्चीत मागे टेकला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"गुडघे माझे आहेत आणि ते दुखतात, हे मला तुझ्याआधी कळतं," आर्लिस म्हणाली. "लेकीकडे महिनाभर राहून आले ना मी? लेक-जावई कामावर गेले की ऊन नको म्हणून दिवसभर पडदे ओढून बसायचं. एकाही माणसाने दार वाजवलं नाही. इथे मी दोन दिवस दिसले नाही, तर मार्ज सूपचं पातेलं घेऊन दारात उभी असते. लेक तिकडे गेली तेव्हापासून तुझं ॲरिझोना चाललंय. पण अंगावर काम असेपर्यंत तू गाव सोडणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. म्हणून लोकांना लिहायला लावलं. मला जायचं नाही, व्हर्न. मला इथेच राहायचंय."

व्हर्नचे ओठ हलले. डोनाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हातोडी खाली ठेवली.

"हे घरीच सांगायचं होतं," आर्लिस म्हणाली. "कितीदा सुरुवात केली. पण घरी मी बोलायला लागले की तू 'कळलं, कळलं' म्हणत उठून जातोस. इथे तुला उठता येत नाही."