ढोल कोणी धरला होता

“हा फोटो तुमचाच ना, मॅडम?”

विमा कंपनीच्या वकिलानं कागद साक्ष देणाऱ्या गार्गीसमोर धरला. फोटोत तिच्या कमरेला ढोल होता, हातात टिपरू होतं आणि ती हसत होती.

“टेम्पोनं उडवल्यापासून पाच किलोही उचलता येत नाही म्हणता. मग हा ढोल?” त्यानं फोटोखालच्या कमेंटही वाचल्या.

वाघीण परत आली!

ताई, यंदा पहिल्या रांगेत!

कुणीतरी खुदकन हसलं. मागच्या बाकावर आई होती. तिनं हाच फोटो साऱ्या नातेवाइकांना पाठवला होता.

गार्गीचा अंगठा मोबाईलवर उगाच वरखाली फिरत राहिला. मूळ फोटो त्यातच होता. त्यात दोघी मैत्रिणींनी ढोल खालून उचलून धरला होता. पोस्ट करताना गार्गीनंच त्या दोघींना कापून टाकलं होतं. तो फोटो दाखवला तर नुकसानभरपाईचा दावा वाचणार होता. नाही दाखवला तर ती वाघीण राहणार होती, निदान फोनमध्ये तरी.

तिनं मोबाईल पुढे केला.

“ढोल यांनी धरला होता. मला आता वाजवता येत नाही,” ती पुटपुटली. “येणारही नाही. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलंय.”

न्यायाधीश म्हणाले, “बाई, नोंद करायचीय. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.”

गार्गी मागे वळली. आईकडे बघत तिनं ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.