पाड्यावरचा धूर

नवशाच्या घरावर धूर नव्हता.

तानीनं डोळे चोळले. परत बघितलं. ओहोळाच्या पल्याड, मोहाच्या झाडाखाली नवशाचं घर. कौलं दिसत होती. कौलांवर काहीच नव्हतं. ऊन पार अंगणात आलं होतं. तिचा तर चहापण पिऊन झाला होता.



पाड्यावर आता दोनच माणसं. दिवाळी झाली की सगळे वीटभट्टीवर जातात. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं भरून. ते येणार पावसाच्या तोंडावर. म्हातारी माणसं मागं राहतात. गेल्या साली तिघं होती. मग बाळी गेली. बाळीच्या घरावर धूर दिसेना, तर सगळ्यांना वाटलं, लेकीकडं गेली असेल मुरबाडला. मग तिचं कुत्रं रडायला लागलं. तानीनं दार ढकललं. पुढचं ती आठवत नाही. वास आठवतो.

तेव्हापासून तानी उठली की आधी पल्याड बघायची. धूर दिसला म्हणजे नवशा आहे. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो हसला असता.

आपल्या घरावरचा धूर कोण बघतं? कुणीच नाही. हा विचार आला की ती उठून काहीतरी काम काढायची.

मागं डोळखांबला म्हाताऱ्यांचा मेळावा झाला होता. नवी योजना होती. साहेबांनी माइक तिच्या तोंडासमोर धरला. "बोला आजी, तुम्हाला काय पाहिजे?" तानीला सांगायचं होतं, रोज सकाळी कुणीतरी दारात येऊन हाक मारा. बस. पण आवाजच निघेना. साहेब म्हणाले, "लाजल्या आजी." मग त्यांनीच सांगून टाकलं. चुलीच्या धुरानं म्हाताऱ्यांचे डोळे जातात, दमा लागतो. म्हणून घरटी गॅस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तानीनंपण.

काल दवाखान्याची आशाताई, रविना, जीप घेऊन आली. दोघांच्या घरी टाकी न् शेगडी बसवून गेली. नवशा तर दारातच आडवा उभा राहिला होता.

"हा बॉम्ब आमाला नको. मी काय त्याला हात लावायचा नाय."

"राहू द्या आजोबा कोपऱ्यात," रविना म्हणाली. "कोंबडा बांधा त्याला."

म्हणजे नवशानं गॅस पेटवलेला नाही. हे तानीला पक्कं माहीत होतं. मग धूर का नाही?

तिनं काठी घेतली. कोंबड्या शिरू नयेत म्हणून दार ओढलं. गाडीवाट लांबून वळसा घालून जाते. ती सरळ ओहोळात उतरली. दगडांवरून पाय सरकत होते. ती मोठमोठ्यानं बोलत होती, उगाच, आवाज असावा म्हणून.

"झोपून रायला असशील ना मेल्या, तर काठीच घालीन."

फोन लावायचा तर टेकडीवर चढायला लागतं. तिला चढवत नाही. नवशाला उचलणार कोण? आणि तो गेला, तर पाड्यावर ती एकटी. पावसापर्यंत.

नवशाचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती दारात उभी राहिली. हात पुढं होईना. तिनं वास घेतला. वास नव्हता. मग वाटलं, रातचाच गेला असेल तर इतक्यात वास कुठून येणार.

"नवशादा! ओ नवशादा!"

तिनं डोळे मिटले आणि दार ढकललं.

आत कुणी नव्हतं. गोधडी तशीच पसरलेली. चूल गार. कोपऱ्यात गॅसची टाकी, वर गोणपाट टाकलेलं. नवशा नाही. विहिरीवर पडला? रानात गेला? बिबट्या?

तेवढ्यात पल्याडून आवाज आला. माणसाचा. रडल्यासारखा.

तिच्याच घराकडून.

ती कशीबशी ओहोळ चढून परत आली. तिच्या दाराशी नवशा बसला होता. लंगडा पाय पसरून. गाडीवाटेनं फरफटत आला असणार, धोतर धुळीनं भरलं होतं. कपाळ दाराला टेकलेलं. दार नुसतं ओढलेलं होतं, पण तो ढकलत नव्हता.

"तानी, गो. आवाज दे. मला नको गो हे दार ढकलायला लावू."

त्याची बायको गेली तेव्हापण तानीनं त्याला रडताना बघितलं नव्हतं. हाक मारायला पाहिजे होती. पण तिनं ते थोडं ऐकून घेतलं.

"काय झालं, नवशादा?"

तो भूत बघितल्यासारखा वळला. मग भडकला.

"कुठं मेलेलीस?"

"तुझ्याकडं! तुझी चूल का नाय पेटली? माझा जीव गेला ना इकडं!"

नवशानं नुसतं बोट वर केलं. तिच्या कौलांकडं.

तानीनं वर बघितलं. कौलांवर काहीच नव्हतं. सकाळी तिनं रविनानं शिकवलं तसा शेगडीचा कान पिळला होता. निळा जाळ आला, चहा पटकन झाला, तिला गंमत वाटली. चुलीला तिनं हातपण लावला नव्हता.

"बाळी गेल्यापासनं," नवशा नाक पुसत म्हणाला, "तुझा धूर दिसल्याबिगर मी कधी चूल पेटवली का गो?"